चौकशीच्या बाकावर यशोदाबाई

मित्रांनो, कॉलेजात बाक पुष्कळ असतात. वर्गात असतात, ग्रंथालयात असतात, झाडाखालीही असतात. पण ज्याच्या पाठीवर पांढऱ्या रंगानं 'चौकशी' असं लिहिलेलं आहे, असा जुना बाक आमच्या कॉलेजात मी एकटाच. औंढा नागनाथच्या या कॉलेजात, ऑफिसबाहेरच्या व्हरांड्यात मी तीस वर्षं उभा आहे. मला शाळा माहीत नाही, वर्गही मी आतून पाहिलेला नाही. तरी विद्यापीठ म्हणजे काय, पदवी कोण देतं, नापास झालं तर पुढं काय करायचं, हे सगळं मला तोंडपाठ आहे. कारण हे प्रश्न विचारणारी माणसं माझ्यावरच बसत आली.

कॉलेजची इमारत बांधायची होती तेव्हा त्या जागेवर एक मोठा लिंब, म्हणजे कडुलिंब होता. वादळात तो मुळासकट आडवा झाला. त्याच्या खोडाच्या फळ्या निघाल्या आणि माणिकराव सुतारांनी त्या फळ्यांतून मला घडवलं. माणिकराव कमी बोलायचे आणि जास्त मोजायचे. पाय त्यांनी बाभळीचे घातले. "लिंबाला वाळवी लागत न्हाई अन् बाभूळ वाकत न्हाई," एवढंच ते माझ्याविषयी बोलले. चार दिवसांत मी उभा राहिलो. रंधा मारून झाल्यावर त्यांनी माझ्यावरून उलटा हात फिरवला, कुठं कुसळ उरलंय का ते पाहिलं, आणि मग स्वतः बसून भाकर खाल्ली. माझ्यावर बसलेलं ते पहिलं माणूस.

मला खरं तर प्राध्यापकांच्या खोलीत ठेवायचं होतं. पण सोनाजीभाऊंनी मला मागून घेतलं. सोनाजीभाऊ म्हणजे ऑफिसातले नवे कारकून. बौद्धवाड्यातले, शेतमजुराच्या घरातले. बारावी झाल्यावर पुढं कुठं जायचं, फॉर्म कुठं मिळतो, शेवटची तारीख कोणती, हे कोणाला विचारावं तेच माहीत नसल्यामुळे त्यांचं एक अख्खं वर्ष वाया गेलेलं होतं. पुढं ते बी.ए. झाले, नोकरीला लागले, पण ते वर्ष काही विसरले नाहीत. ऑफिसच्या खिडकीला जाळी होती. खेड्यातून आलेला माणूस त्या जाळीसमोर वाकायचा, मागच्यांचा धक्का लागला की अर्धा प्रश्न गिळून बाजूला व्हायचा. सोनाजीभाऊंना ते पाहवेना. त्यांनी मला खिडकीशेजारी मांडलं, स्वतःच्या हातानं पाठीवर 'चौकशी' लिहिलं आणि जाळीमागची खुर्ची सोडून माझ्या एका टोकाला येऊन बसले. विचारणाऱ्यानं दुसऱ्या टोकाला बसायचं. मध्ये ना जाळी, ना टेबल.

मित्रांनो, त्या वेळी गोंधळही फार होता. मराठवाड्यातल्या कॉलेजांचं विद्यापीठ आधी औरंगाबादला होतं. एकोणीसशे चौऱ्याण्णव साली नांदेडला वेगळं विद्यापीठ झालं. आपला हिंगोली जिल्हा तर तेव्हा जन्मालाही आला नव्हता, आपण परभणीत होतो. पोरं येऊन विचारायची, आमची पहिल्या वर्षाची गुणपत्रिका औरंगाबादची, मग पदवी कुठली? सोनाजीभाऊ एकेकाला बसवून, कागदावर रेघ मारून समजावून सांगायचे.

एकदा शंकरसिंग नावाचे ऐंशीच्या घरातले गृहस्थ आले. हातातल्या कापडी गुंडाळीतून त्यांनी एक पिवळा कागद काढला. ती उर्दूतली पदवी होती, हैदराबादच्या विद्यापीठाची. निजामाच्या काळात इथल्या पोरांना शिकायला हैदराबादलाच जावं लागे. त्यांना विचारायचं एवढंच होतं की ते राज्य गेलं, ती हद्द गेली, मग आता ही डिग्री चालते की रद्द झाली. नोकरी करून निवृत्त झालेला माणूस, त्यांना ती कुठं दाखवायची नव्हती. पण मनात रुतून बसलं होतं. सोनाजीभाऊंनी तो कागद दोन्ही हातांनी धरला.

"राज्य बदललं, विद्यापीठ बदललं," ते म्हणाले, "पण शिकलेलं रद्द होत न्हाई, दादा."

म्हातारबुवांनी कागद पुन्हा कापडात गुंडाळला. जाताना ताठ चालत गेले.

असे हजारो प्रश्न मी ऐकले. त्या सगळ्यांत एका बाईचे प्रश्न मला अजून शब्दाशब्दानं आठवतात. तिची गोष्ट सांगायलाच मी आज तोंड उघडलं आहे.

तिचं नाव यशोदाबाई. औंढ्याच्या डोंगरापलीकडं माळावर वीस-बावीस घरांची एक वाडी आहे, तिथली. घरी शेळ्या-मेंढ्या आणि थोडी कोरडवाहू जमीन. सतरा-अठरा वर्षांपूर्वी ती बाजाराच्या दिवशी पहिल्यांदा कॉलेजात आली तेव्हा तिच्याबरोबर दोन शेळ्या होत्या. विकायला आणलेल्या शेळ्या बाहेर कोणाच्या भरवशावर सोडायच्या, म्हणून तिनं त्या सरळ माझ्या पायाला बांधल्या. माझ्या डाव्या पायावर दाव्यानं पडलेली खाच तेव्हापासूनची. बसायला सांगितलं तर ती बसेना. सोनाजीभाऊंनी दोनदा सांगितलं, तेव्हा कडेला टेकली.

तिचा दीर प्रभू बारावी पास झाला होता. घरात सगळ्यांचं ठरलं होतं की आता त्यानं मेंढरांमागं जायचं. पोरगं काही बोलत नव्हतं, पण जेवतही नव्हतं. यशोदाबाईनं ते ओळखलं आणि कोणालाही न सांगता चौकशीला आली. तिच्या पदराच्या टोकाला तीन गाठी होत्या. एक प्रश्न विचारून झाला की ती एक गाठ सोडायची. बारावीनंतर किती वर्षं शिकायचं, ही पहिली गाठ. कॉलेजात नाव कधी लागतं, ही दुसरी. तिसरीपाशी ती थांबली.

"डिग्री डिग्री म्हणतात ती देतं कोण? कॉलेज का इद्यापीठ?"

सोनाजीभाऊंनी सांगितलं, की शिकवतं कॉलेज, पण पेपर काढणं, तपासणं आणि पदवी देणं हे विद्यापीठाचं काम. नांदेडच्या विद्यापीठाखाली अशी कितीतरी कॉलेजं आहेत, आपलं त्यातलं एक. यशोदाबाईनं आपल्या शेळ्यांकडं बघितलं.

"म्हंजी राखायचं तुमी, अन् खूण मारायची त्यायनी."

सोनाजीभाऊ इतके हसले की मी हललो. पुढं कित्येक वर्षं नव्या पोरांना विद्यापीठ समजावून सांगताना ते हेच वाक्य सांगत. त्या नादात एका शेळीनं प्रवेशाचा फॉर्म अर्धा खाल्ला. सोनाजीभाऊंनी दुसरा दिला.

प्रभूचं नाव लागलं. पण यशोदाबाईचं येणं थांबलं नाही. वाडीत कोणाचंही लेकरू दहावी-बारावी झालं की तिच्याकडं यायचं आणि ती बाजाराच्या दिवशी पदराला गाठी मारून माझ्याकडं यायची. शेजारच्या राणीला नर्सिंगला जायचं तर बारावीला कोणते विषय लागतात? गुणपत्रिका हरवली तर दुसरी मिळते का? एक वर्ष मध्येच गळालं तर पुन्हा पहिल्यापासून बसावं लागतं का? बाहेरून परीक्षा देऊन मिळालेली पदवी बराबरीची धरतात का? सोनाजीभाऊ उत्तर देत, ती ते मनात धरून डोंगर चढून परत जात असे. तिची लेक रागिणी बी.एस्सी. होऊन नांदेडला पुढं शिकायला गेली तोवर त्या वाडीतून पंधराएक पोरं-पोरी पदवीधर झाली होती. कोणी शिक्षक झालं, कोणी बँकेत लागलं, एकानं शिकून परत येऊन मेंढ्याच पाळल्या, पण जनावरांच्या औषधांची नावं वाचून.

एका दिवाळीच्या आधी ती आली तेव्हा पदराला एकच गाठ होती. बराच वेळ ती सोडेना. इकडचं तिकडचं बोलली. पाऊस बोलली, रागिणीचं वसतिगृह बोलली. मग रस्त्याकडं बघत म्हणाली,

"कॉलेजाला वयाची अट असते का, भाऊ?"

सोनाजीभाऊ म्हणाले, बी.ए.ला नसते. कोणासाठी विचारताय?

"हाय एक बाई."

"किती शिकलेली?"

"सातवी. बापानं पुढं धाडलं न्हाई."

सोनाजीभाऊंनी खिशातून पेन काढलं आणि वही उघडली. "नाव काय लिहू?"

मित्रांनो, मी लाकडाचा. मला थंडी-ऊन कळतं, वजन कळतं. त्या वेळी माझ्या दुसऱ्या टोकावरचं वजन अगदी कडेला सरकलं हे मला कळलं. ती खूप हळू म्हणाली, "यशोदा."

सोनाजीभाऊंनी ना भुवई वर केली, ना शाबासकी दिली. इतर कोणालाही सांगावं तसं त्यांनी सांगितलं. आधी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी. मग दोन वर्षांनी तसंच बारावी. मग तीन वर्षं कॉलेज. शाळा सोडल्याचा दाखला माहेराहून आणावा लागेल. एवढं सगळं ऐकून तिनं बोटं मोजली. सहा-सात वर्षं होत होती. तिचं वय तेव्हा एकोणचाळीस.

"तवर मी शेहेचाळीसची व्हईन," ती म्हणाली.

"न शिकता बी व्हणारच की," सोनाजीभाऊ म्हणाले.

तिनं गाठ सोडली.

दहावीला तिचा भूगोलाचा पेपर झालाच नाही. त्या वर्षी रोगराईनं सगळं बंद झालं आणि तो पेपर सगळ्यांचाच रद्द झाला. डोंगर, नद्या, वारे सगळं पाठ करून बसलेल्या यशोदाबाईला त्याचं फार वाईट वाटलं. दीड वर्ष मीही एकटा होतो. व्हरांड्यात पाचोळा साठला, माझ्यावर कबुतरांनी घर केलं. पण ती पास झाली. पुढं बारावीही पास झाली, आणि तो निकाल घेऊन जूनच्या शेवटी ती कॉलेजात आली, तेव्हा मी माझ्या जागेवर नव्हतो.

झालं असं होतं, की कॉलेजला अमृतराव नावाचे नवे प्राचार्य आले होते. माणूस मेहनती आणि प्रामाणिक. व्हरांडा स्वच्छ दिसावा, कामं झटपट व्हावीत, असं त्यांना मनापासून वाटे. त्यांनी माझ्या जागी भिंतीवर एक मोठा फलक लावला. त्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन होता. मोबाईल त्याच्यासमोर धरायचा, की सगळी माहिती पडद्यावर येते, असं खाली लिहिलं होतं. मला दोन माणसांनी उचलून इमारतीमागच्या सायकल स्टँडच्या पत्र्याखाली ठेवलं. माझ्या शेजारी एक मोडकं कपाट आणि फुटक्या कुंड्या होत्या. सोनाजीभाऊंना जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांच्या खोलीत बसवलं. मला कोणी वाईट बोललं नाही, मारलं नाही. नुसतं कोणी माझ्यावर बसेनासं झालं. बाकासाठी यापेक्षा वाईट काय असतं?

यशोदाबाई आली तो प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. रागिणीनं तिला मोबाईल घेऊन दिला होता आणि तो वापरायलाही शिकवलं होतं. तिनं तो त्या चौकोनासमोर धरला, फॉर्म उघडला, एकेक घर भरत गेली. आणि एका जागी फॉर्म अडला. दहावी-बारावीच्या कागदावर तिचं माहेरचं नाव होतं, यशोदा हरिचंद. आधार कार्डावर सासरचं, यशोदा रामकिशन. पडद्याला या दोन बाया वाटत होत्या. तिनं पुन्हा भरलं, पुन्हा अडलं. खिडकीवरच्या नव्या माणसानं फलकाकडं बोट दाखवलं. तोही बिचारा काय करणार, त्याला तसंच सांगितलेलं होतं.

अकरा वाजले होते. पाच वाजता प्रवेश बंद होणार होता.

तिनं मला शोधायला सुरुवात केली. नंतर सोनाजीभाऊंना सांगताना ती म्हणाली, की तुमचं काय, तुमी कुठं बी जाऊ शकता, पण बाक चालून जात न्हाई, तो इथंच कुठं तरी असणार. इमारतीला वळसा घालून ती मागं आली. कुंड्या बाजूला सारल्या, पदरानं माझ्यावरची धूळ झटकली, आणि माझ्या त्याच टोकाला, जिथं ती नेहमी बसायची, तिथं बसली. मग एका पोरीला हाक मारून सोनाजीभाऊ आता कुठं बसतात ते विचारून घेतलं आणि सांगितलं, की गठ्ठ्यांच्या खोलीत सोनाजीभाऊ हायती, त्यायला म्हणावं चौकशीला माणूस येऊन बसलंय.

सोनाजीभाऊ आले. हातांना गठ्ठ्यांची धूळ तशीच होती. कागद बघितले आणि म्हणाले, यात काहीच अवघड नाही. पदवीवर नाव बारावीच्या कागदाप्रमाणं येतं. ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र तहसीलमधून करून आणायचं, त्यासाठी नवऱ्याला आधार कार्डासकट यावं लागेल, ते जोडून फॉर्म ऑफिसातून हातानं भरून घेता येतो. तशी सोय आहे. फलकावर ती लिहिलेली नाही एवढंच.

रामकिशन, म्हणजे यशोदाबाईचे मालक, त्या वेळी डोंगरात कळपामागं होते. वाडीत फोन गेला. कोणीतरी मोटारसायकल काढली, माळ तुडवत त्यांना गाठलं. दुपारी एक वाजता ते कॉलेजात उतरले तेव्हा हातात काठी तशीच होती. नवरा-बायको दोघं तहसीलला गेली.

इकडं वेगळंच सुरू झालं. सोनाजीभाऊ माझ्यावर बसलेले पाहून एक पोरगं आलं. त्याचं उत्पन्नाच्या दाखल्याचं अडलं होतं. मग एक मुलगी आली, तिला विषय बदलायचा होता आणि ते बाबांना कसं सांगावं हा तिचा खरा प्रश्न होता. मग पाच आले. मग पंधरा. अडीच वाजेपर्यंत सायकल स्टँडपासून रांग कोपऱ्यावरून वळून पुढच्या अंगणापर्यंत गेली. कित्येकांच्या हातात चांगले मोबाईल होते. माहिती त्यांना मिळाली होती. त्यांना कोणाला तरी विचारायचं होतं.

तीन वाजता प्रतिज्ञापत्र हातात घेऊन यशोदाबाई परत आली, आणि नेमके त्याच वेळी प्राचार्य अमृतराव रांगेचं टोक शोधत मागं आले. सोनाजीभाऊ उठून उभे राहिले. त्यांचं काम गठ्ठ्यांच्या खोलीत होतं, इथं नव्हतं. अमृतराव म्हणाले, की ही चौकशी इथं कोणाच्या परवानगीनं चालू आहे? सोनाजीभाऊ धुळीचे हात पुसू लागले. नोकरीचा प्रश्न होता.

यशोदाबाई पुढं झाली.

"मी बसवलं त्यायला, सर. तुमच्या भिंतीवरल्या चौकोनाला मी सकाळधरनं इचारून राहिले. त्यो माहिती सांगतो, न्हाई म्हणत न्हाई मी. पण माझं काय अडलंय, ते त्यो मला इचारत न्हाई. ह्यायनी आधी तेच इचारलं."

अमृतरावांनी तिच्याकडं पाहिलं. कागद मागितले. दहावीचा, बारावीचा, प्रतिज्ञापत्र. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी विचारलं, की हा प्रवेश तुमच्या मुलीचा का? ती म्हणाली, न्हाई, माझा.

प्राचार्यांनी कागद तिला परत दिले. ते माझ्यावर, मधल्या मोकळ्या जागेत बसले. अर्धा तास बसले. एकामागून एक येणारा प्रश्न त्यांनी ऐकला, सोनाजीभाऊंचं उत्तर ऐकलं. दोन ठिकाणी त्यांनी स्वतःच उत्तर दिलं. मग उठले, आणि समोरच्या पोरांना म्हणाले, "उचला हा बाक. पुढं घ्या. फलकाच्या खालीच ठेवा. दोन्ही असू द्या."

मित्रांनो, मला दोन माणसांनी मागं टाकलं होतं. पुढं नेताना वीसजणांनी उचललं. मी जमिनीपासून इतका वर कधीच गेलो नव्हतो. त्या वरातीच्या मागं यशोदाबाई आणि काठी घेतलेले रामकिशन चालत होते. पावणेपाच वाजता तिचं नाव बी.ए. प्रथम वर्षाला लागलं.

फॉर्मवर सही करताना तिनं सोनाजीभाऊंना एक शेवटचा प्रश्न विचारला होता. "शाळेत बापानं घातलं, कॉलेजात नवऱ्यानं येऊ दिलं, हे खरं हाय. पण अभ्यास मी करणार. पदवीवर नुसतं यशोदा लिहिलं तर चालत न्हाई का?" सोनाजीभाऊ म्हणाले, नियमात तसं बसत नाही, पण पदवीवर आईचं नावही येतं. आईचं नाव काय? जनकाबाई, ती म्हणाली. आणि ते नाव लिहिताना तिचा हात थांबला, कारण तिनं तिच्या आईचं नाव तोवर कुठंच लिहिलेलं पाहिलं नव्हतं.

तीन वर्षं ती जीपनं येत राहिली. पहिल्या आठवड्यात पोरं तिला मावशी म्हणून हसली. दुसऱ्या महिन्यापासून तिच्या वहीवरून उतरवून घेऊ लागली, कारण तिचा एकही तास चुकत नव्हता. मधल्या सुट्टीत ती माझ्यावर बसून भाकर खायची आणि वाचायची. दुसऱ्या वर्षी इंग्रजीचा पेपर राहिला. निकालाच्या दिवशी ती माझ्यावर येऊन बसली आणि गुणपत्रिकेची घडी घालत-उघडत राहिली. एवढ्या जणांना एटीकेटीचा अर्थ विचारून देणारी बाई, स्वतःवर आल्यावर तिचा धीर सुटला. सोनाजीभाऊ शेजारी बसले.

"पदवीवर किती येळा बसला ते लिहून येत न्हाई, बाई," ते म्हणाले. "पास झाला एवढंच येतं."

पुढच्या परीक्षेत तिनं तो पेपर काढला. तिसऱ्या वर्षी मराठी विषयात ती कॉलेजात पहिली आली.

आणि मग यंदाचा पदवी वितरणाचा दिवस उजाडला. पूर्वी पदवी टपालानं तरी यायची नाहीतर नांदेडला जाऊन आणावी लागायची. आता विद्यापीठाकडून पदव्या कॉलेजात येतात आणि इथंच समारंभ होतो. सभागृहात खुर्च्या कमी पडल्या, म्हणून पोरांनी मला आत नेलं आणि अगदी पुढं मांडलं. तीस वर्षांत मी पहिल्यांदा सभागृह पाहिलं. माझ्यावर चार पदवीधर बसले. सगळ्यांच्या खांद्यावर सारखंच उपरणं होतं. डावीकडच्या टोकाला यशोदाबाई होती. तिथलं वजन मला ओळखीचं होतं, पण आज ते कडेला टेकलेलं नव्हतं. ती पुरती मागं टेकून बसली होती.

अमृतराव स्वतः नावं वाचत होते. "यशोदा हरिचंद, आईचं नाव जनकाबाई, कला शाखा, मराठी विषयात महाविद्यालयात प्रथम." ती उठली. मंचावर गेली. पदवी घेतली, आणि सगळ्यांसारखी लगेच खाली न येता तिथंच उभी राहून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. सभागृह थांबलं. कोणी घाई केली नाही. मग अमृतराव म्हणाले, दोन शब्द बोला.

ती ध्वनिक्षेपकाजवळ गेली. "मी बोलायला शिकले न्हाई," ती म्हणाली, "इचारायला शिकले. आमच्या वाडीतले जे जे ह्या बाकाच्या भरवशावर शिकले, त्यायनी जरा उभं रहावं."

मागच्या रांगेत प्रभू उभा राहिला, आता त्याच्या कानाजवळ केस पिकलेले. नांदेडहून आलेली रागिणी उभी राहिली. दवाखान्याच्या पांढऱ्या साडीतच आलेली राणी उभी राहिली. मग इकडून एक, तिकडून दोन. सभागृह मान वळवून मोजत होतं. वीस, एकवीस, बावीस. आणि सगळ्यांत शेवटी, भिंतीला टेकून बसलेले रामकिशनही उठून उभे राहिले.

यशोदाबाईनं मंचावरून विचारलं, "तुमी काहून उठले?"

"सहा वर्सं शेळ्या म्या राखल्या," रामकिशन म्हणाले, आणि बसले नाहीत.

मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तो माझ्या लाकडातून आरपार गेला. प्राचार्य उभे राहिले, पाहुणे उभे राहिले, माझ्यावरचे उरलेले तिघेही उठले. सभागृहात बसलेलं कोणी उरलं नाही. दारापाशी सोनाजीभाऊ होते. ते टाळ्या वाजवत नव्हते. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता.

मित्रांनो, मी आता परत व्हरांड्यात आलो आहे. सोनाजीभाऊ यंदा निवृत्त होतील. माझा मागचा एक पाय डुगडुगतो, त्याखाली कोणीतरी पुठ्ठ्याची घडी सरकवली आहे. माणिकराव आता नाहीत, पण एखादा सुतार बोलावून पाचर ठोकून घेतलीत तर मी अजून तुमची मुलंही बसवीन. माझ्यावर कंपासच्या टोकानं नावं कोरू नका. मला पावसात ठेवू नका.

पण यापेक्षाही मोठी एक विनंती आहे. तुमच्याकडं कधी कोणी अडखळत, चुकीचे शब्द वापरत, काही विचारायला आलं, तर हसू नका आणि नुसतं भिंतीकडं बोटही दाखवू नका. आधी त्याला बसायला सांगा. त्याचं काय अडलं आहे ते त्याला विचारा. एका माणसाला नीट उत्तर मिळालं तर त्याच्यामागं किती माणसं उभी राहतात, ते मी मोजून पाहिलं आहे.

जूनमध्ये प्रवेश सुरू होतील. ऑफिसच्या खिडकीशेजारी, फलकाखाली, मी आहे. कोणताही प्रश्न लहान नसतो. या, बसा.